न खपलेल्या नांगराची दोन वर्षे

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी माळ्यावर ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. जबलपुरात राहून घरातली मराठी टिकवायची तर मासिक यायलाच हवे, हा आजोबांचा हट्ट. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी ते भरभरून बोलत. आज मागे वळून पाहताना मला लक्ष्मणरावांच्या कारखान्यापेक्षा त्यांची शिकण्याची भूक मोठी वाटते.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले आणि आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे ध्यानात आले. कुंचला सुटला, यंत्रांच्या आकृत्या काढणे मात्र पक्के झाले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवण्याची नोकरी धरली. बढती डावलली गेली तशी ती सोडून बेळगाव गाठले. तिथे सायकली विकल्या, गिऱ्हाइकांना त्या चालवायलाही शिकवल्या. यंत्रविद्या शिकवणारे जवळ कोणी नव्हते, तेव्हा अमेरिकेतली मासिके मागवून वाचली.

या धडपडीतून 1903 साली लोखंडी नांगर तयार झाला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! एवढ्यात दुसरा कोणी दुकानाला कुलूप लावून मोकळा झाला असता. ओतकाम जमले म्हणजे धंदा जमला असे नव्हे, शेतकऱ्याच्या मनातली भीतीही समजून घ्यावी लागते. किर्लोस्करांनी ती समजून घेतली, असे मी मानतो. पुढे 1920 साली त्याच कुटुंबातल्या शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. आमच्या माळ्यावरचे मासिक तिचेच पुढचे रूप.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. 1910 साली कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे नांगराच्या जोडीला पंप आले. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून 1926 साली परतला आणि त्याच वाटेवर पुढे चालत 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली.

आमच्या मराठी घरांतली पुष्कळ मुले आता दुकान, वर्कशॉप काढायच्या विचारात आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी यावे. माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरवून ठेवतो.