पैसे देणारे झाड

"अरे, पैसे काय झाडाला लागतात?" मी फुटबॉलचे नवे बूट मागितले की रविवारच्या फोनवर आईचे हे उत्तर ठरलेले. इंग्रजीच्या तासाला सरांनी 'मनी डझन्ट ग्रो ऑन ट्रीज' असे फळ्यावर लिहिले, तेव्हा मला आईच आठवली. पण बाबांची बदली चेन्नईला झाली, मी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे गेलो आणि समजले की इंग्रजांच्या भाषेत पैशाचे एक झाड होते. त्याची फळे याच शहरात पाडली जात.

हे शहर तेव्हा मद्रास होते. ईस्ट इंडिया कंपनीचा सेंट जॉर्ज किल्ला इथेच आहे. कंपनीच्या कारभारात इथे सोन्याचे एक छोटे नाणे चाले. इंग्रज त्याला 'पगोडा' म्हणत, आपण 'होन' म्हणतो. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पाडलेला होन आपण इतिहासात वाचलाच आहे. मद्रासच्या पगोड्यावर एका बाजूला विष्णू व दुसऱ्या बाजूला चांदणी असे. हिशोब असा: 80 कॅश म्हणजे 1 फनम आणि 42 फनम म्हणजे 1 पगोडा. म्हणजे एका पगोड्याचे 3360 कॅश! 1818 मध्ये मद्रास इलाख्यात रुपया हे मुख्य नाणे झाले आणि पगोडा मागे पडला.

नाणे गेले, पण वाक्प्रचार उरला: 'टु शेक द पगोडा ट्री'. शब्दशः अर्थ, पगोड्याचे झाड हलवणे. खरा अर्थ, हिंदुस्थानात जाऊन झटपट श्रीमंत होणे.

हे झाड हलवायचे कसे? रॉबर्ट क्लाइव्ह 1744 साली मद्रासला आला तेव्हा 18 वर्षांचा होता. तो कंपनीचा 'रायटर', म्हणजे कारकून होता. पगार वर्षाला अवघा 5 पौंड. पण पुढे तो ब्रिटनमधल्या मोठ्या श्रीमंतांपैकी एक झाला. असे पैसे पगारातून येत नसत. खासगी व्यापार, नजराणे आणि सावकारी यांतून ते येत. अर्काटचा नवाब महंमद अली याला कंपनीच्या नोकरांनीच जबर व्याजाने कर्जे दिली. ती फेडायला मुलखाचा सारा लावून दिला जाई, म्हणजे अखेर भार रयतेवर. 1785 साली एडमंड बर्क याने ब्रिटिश संसदेत या कर्जांवर कडक भाषण केले.

म्हणजे झाड हलवणारा एक आणि घाम गाळणारा दुसरा. वाक्प्रचारात हा दुसरा माणूस दिसतच नाही. म्हणून वाक्प्रचार पाठ करताना तो कोणाच्या तोंडचा आहे, हेही पाहावे असे मला वाटते.

चेन्नईत फिरताना असे आणखी काही शब्द भेटले.

मिंटिंग मनी: भरमसाट पैसा मिळवणे. चेन्नईत 'मिंट स्ट्रीट' आहे. तिथे कंपनीची टांकसाळ होती. आपणही म्हणतो, "त्याने काय टांकसाळ उघडली आहे?" यात थोडा टोमणा असतो, म्हणून कोणाचे कौतुक करताना हा वापरू नये.

कॅश: रोख रकमेचा 'कॅश' हा पेटी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. पण मद्रासच्या छोट्या नाण्याचा 'कॅश' आला तमिळ 'कासु'वरून. आजही भाजीवाल्या आजी पैशाला 'कासु'च म्हणतात.

कुशी जॉब: आरामाची नोकरी. हा 'कुशी' आपल्या 'खुशी'चाच भाऊ. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांनी तो इंग्रजीत नेला.

वर्थ हिज सॉल्ट: पगाराच्या मोलाचे काम करणारा. 'सॅलरी' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले मीठ आहे. आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणे' आहेच. आपल्या गणवेशाला सर्वांत शोभणारा वाक्प्रचार मला हाच वाटतो.

सुट्टीत मी बाबांकडे पुन्हा बुटांचा विषय काढला. ते रात्रपाळी करून नुकतेच आले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "किंमत रुपयांत नको, माझ्या ड्यूटीच्या दिवसांत काढ." मी पगाराला तिसाने भागले आणि आकडा काढला. मग जुन्याच बुटांना मोच्याकडून शिवण मारून घेतली. या सत्रात मी त्याच बुटांनी खेळतो आहे.

पैसे झाडाला लागत नाहीत. आमच्या घरी तरी ते बाबांच्या ड्यूटीला लागतात.