अँडी मरेचा धातूचा खुबा

जानेवारी २०१९. मेलबर्नच्या पत्रकार परिषदेत टेनिसपटू अँडी मरेला रडू आवरेना. उजवा खुबा इतका दुखायचा की मोजे-बूट चढवणंही जिवावर येई. वर्षभरापूर्वी झालेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं भागलं नव्हतं.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत फिरतो, आणि दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. ते झिजलं की हालचाल आखडते. मग दुखरी बाजू वाचवायला माणूस नकळत कंबरेवर, दुसऱ्या पायावर भार टाकू लागतो. टेनिसमध्ये तर भरधाव पळता पळता थांबून उलटं वळायचं असतं.

नेहमीच्या सांधेबदलात हा माथा कापूनच काढतात. मरेनं दुसरी वाट धरली: माथा तासून त्यावर धातूची टोपी, खोबणीत धातूची वाटी. यात हाड जास्त शिल्लक राहतं. दुहेरीतला बॉब ब्रायन हेच करून कोर्टवर परतला होता; पण एकेरीची धावपळ निराळी.

त्याच वर्षी जूनमध्ये मरेनं क्वीन्स स्पर्धेत दुहेरी जिंकली, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला वॉवरिंकाला हरवून एकेरी. करंडकापेक्षा मला मोठं वाटतं ते खुब्याचं दुखणं थांबणं. पूर्वीचा वेग काही परत आला नाही, तरी तो २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत खेळला. ही टोपी सरसकट सगळ्यांना चालत नाही. झिजलेल्या धातूचे अंश रक्तात उतरू शकतात, म्हणून स्त्रियांना आणि लहान हाडांच्या रुग्णांना डॉक्टर ती सहसा सुचवत नाहीत.