विळा उशिरा लागला की गवताचं काड होतं

देवगोई घाट चढून मोलगीकडे निघालं की सप्टेंबरात दोन्ही अंगांना हिरवंगार गवत डोलताना दिसतं. तरी उन्हाळ्यात अक्कलकुव्यातली गुरं हाडावर येतात. चारा कमी पडतो हे खरं. पण साठवलेल्या चाऱ्यात कस नसतो, हेही तितकंच खरं. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : गवत पूर्ण वाळू द्यावं, म्हणजे भारा जास्त मिळतो.
वस्तुस्थिती : भारा मिळतो, पोषण जातं. पवना, मारवेल, डोंगरी ही गवतं फुलोऱ्यात असताना त्यांत प्रथिनं बऱ्यापैकी असतात. बी झडून पिवळं पडलेल्या गवतात ती तीन-चार टक्क्यांवर येतात. जनावराच्या पोटातल्या जिवाणूंना चारा पचवायला साधारण सात टक्के प्रथिनं लागतात. त्याहून कमी पडली की पचन मंदावतं आणि जनावर खातंही कमी. भात-ज्वारीची कामं उरकून दिवाळीनंतर विळा हाती घेतला, तर तोवर गवताचं काड झालेलं असतं. कुसळी तर कुसळं धरण्याआधीच कापावी. नंतर ती शेळ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुततात.

गैरसमज : लवकर कापलं की गंजीत बुरशी येते.
वस्तुस्थिती : बुरशी लवकर कापण्यानं येत नाही, ओलं रचल्यानं येते. पावसाची उघडीप बघून कापा, पातळ पसरा, दिवसातून एक-दोनदा उलटा. जमीन ओली असेल तर कुंपणावर किंवा बांबूच्या तिकाटण्यावर टाका. रचण्याआधी काडीचं पेर नखानं खरवडून पाहा : साल सुटून आली तर ओल शिल्लक आहे. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला की गंजी रचावी. ओली गंजी आतून तापते, कधी पेटही घेते. फार कडक उन्हातही ठेवू नका, पानं चुरून जातात; आणि खरा कस पानातच असतो.

गैरसमज : डोंगर जाळला की गवत जोमानं येतं.
वस्तुस्थिती : राखेमुळे पहिला फुटवा हिरवा दिसतो एवढंच. कुसळीचं बी ओल-उन्हानं पिळा घेत मातीत शिरतं, म्हणून ते वणव्यातून वाचतं. चांगल्या गवतांचं वर पडलेलं बी मात्र जळतं आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर कुसळी माजते ती यामुळेच.

गैरसमज : भाताचा पेंढा म्हणजे नुसतं पोट भरणं, त्याचं काही होत नाही.
वस्तुस्थिती : होतं. १०० किलो वाळल्या पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, दाबा आणि प्लॅस्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर वास उडू द्या आणि थोड्यापासून सुरुवात करा. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नये. नुसता युरिया किंवा त्याचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते जिवावर बेततं.

गैरसमज : डोंगर सरकारचा, चराईचं आपण काय ठरवणार?
वस्तुस्थिती : वनहक्क कायदा, २००६ चराईचा सामूहिक हक्क मानतो. सामूहिक वनसंसाधनाच्या रक्षणाचे नियम ग्रामसभा ठरवू शकते. म्हणजे कुरणाचे चार भाग पाडून, पाळीपाळीनं एकेक भाग राखून ठेवण्याचा निर्णय गावातच होऊ शकतो. राखलेल्या भागात पावसाच्या तोंडावर मारवेलाचे ठोंब लावले आणि स्टायलोचं बी टाकलं तर स्टायलोमुळे चाऱ्यात द्विदल मिसळतं.

बियाणं आणि सल्ल्यासाठी नंदुरबारचं कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलाचे वाणही दिले आहेत. पण सुरुवात बिनखर्चाची आहे. यंदा बांधावरचा एक तुकडा फुलोऱ्यात कापून नीट वाळवा, वेगळी गंजी लावा आणि उन्हाळ्यात दोन्ही गंज्यांचा चारा गायीपुढे टाका. ती कोणता चारा आधी संपवते ते पाहा आणि पुढच्या वर्षीची कापणीची तारीख त्यावरून ठरवा.