आहारपालट आणि चिडचिड

आहार सुधारावा, हा उपदेश आज कोणास नवीन राहिलेला नाही. साखर कमी करा, तळलेले टाळा, चहा आवरा, डाळी-भाज्या वाढवा, हे वैद्य सांगतात आणि शेजारीही सांगतात. परंतु हा उपदेश मनावर घेऊन जो मनुष्य खरोखरच आपले ताट बदलतो, त्याच्या पहिल्या आठ-दहा दिवसांविषयी फारसे कोणी बोलत नाही. प्रकृती सुधारावी म्हणून आरंभ करावा, आणि प्रत्यक्षात डोके दुखावे, कामात चित्त लागू नये, मुलाने साधा प्रश्न विचारला तरी त्याच्यावर खेकसावे, असा अनुभव पुष्कळांस येतो. घरची माणसे म्हणतात, ‘ह्यांचा स्वभावच बिघडला’. आणि तो स्वतः म्हणतो, ‘हे अन्न मला मानवत नाही.’ या दोन्ही निदानांत तथ्य थोडे आहे. ही चिडचिड कोठून उत्पन्न होते व ती कशी टाळता येते, याचा विचार आज करावयाचा आहे.

विचाराच्या सोयीसाठी एक ठिकाण डोळ्यांसमोर घेऊ. कोल्हापूरहून बंगळूरकडे निघाले की महामार्गावर कागल लागते. त्या परिसरात पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. हे तारे खाणावळीचे नव्हेत, वसाहतीच्या वर्गवारीचे आहेत. ओतकामाचे, यंत्रभागांचे आणि कापडाचे कारखाने तेथे चालतात. अशा एखाद्या फौंड्रीत पाळीने काम करणारा पंचेचाळिशीतील एक गृहस्थ कल्पनेने उभा करा. घर पहाटे सोडावयाचे, पाळी चढण्यापूर्वी एक चहा, मधल्या सुटीत वडा किंवा मिसळ आणि पुन्हा चहा. दिवसाकाठी सहा पेले सहज होतात. रक्ततपासणीत साखर वाढलेली निघते आणि तो एका सोमवारी सर्वच सोडतो. डब्यात दोन भाकऱ्यांऐवजी एक, बरोबर काकडी आणि मोड आलेली मटकी. बुधवारपर्यंत शेजारच्या यंत्रावरील सोबत्याशी त्याचे दोनदा भांडण झालेले असते. आता हे भांडण कोणी लावले?

पहिला संशयित चहा होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, असे दिले आहे. रोजच्या कॅफीनला सरावलेल्या शरीरास ते एकाएकी मिळेनासे झाले, म्हणजे १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. ग्लानी, उदासपणा आणि चिडखोरपणा हे त्यामागून येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत हा त्रास कळसास पोहोचतो व दोन ते नऊ दिवसांत आपोआप ओसरतो. सोमवारी सोडलेल्या चहाचे भांडण बुधवारी उद्भवावे, यात नवल ते काय?

दुसरे कारण भुकेचे. सहा पेल्यांत दोन-दोन चमचे साखर धरली, तर ती सुमारे पन्नास ग्रॅम होते. ती सोडणे योग्यच. परंतु तीबरोबर एक भाकरी आणि वडाही गेला, आणि त्यांच्या जागी आलेल्या काकडीने पोट भरले तरी शक्ती मिळत नाही. मेंदूचे वजन देहाच्या पन्नासाव्या भागाइतके, पण त्याचा खर्च एकूण शक्तीच्या पाचव्या भागाइतका. अन्न कमी पडले, की रक्तातील साखरेची पातळी टिकविण्यासाठी शरीर ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये सोडते. रागाच्या वेळीही हीच द्रव्ये सुटतात. म्हणून भुकेलेल्या माणसाचे हृदय धडधडते, हात कापतो आणि शब्द तिखट होतो.

याचा मोठा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांस २४ आठवडे त्यांच्या नेहमीच्या अन्नाच्या जवळजवळ अर्ध्यावर ठेविले. मूळची शांत, समंजस माणसे ती. परंतु त्यांच्यात चिडखोरपणा आणि खिन्नता वाढली, आणि जेवणाखेरीज दुसरा विषय त्यांस सुचेना. त्यांचे शील बदलले नव्हते; अन्न तेवढे बदलले होते. आपल्याकडील आहारपालट इतका कठोर नसतो. तथापि ‘चांगले खाणे’ आणि ‘कमी खाणे’ यांची गल्लत झाली, की त्याच वाटेवर पाऊल पडते.

तिसरे कारण मनाचे आहे. भट्टीजवळ उभे राहून काम करणाऱ्यास दुपारचा गोड चहा हे केवळ पेय नसते. तो विसावा असतो, चार सोबत्यांचा सहवास असतो. चहा सोडणारा बहुधा ती बैठकही सोडतो आणि एकटा पडतो.

येथवर सांगितले ते तात्पुरत्या त्रासाविषयी. आता एका खऱ्या धोक्याकडे वळू. भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. त्यांपैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेतात, त्यांनी औषध तेच ठेवून जेवण एकदम घटविले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. अशा वेळी घाम, कंप, गोंधळलेपणा आणि अकारण संताप ही लक्षणे दिसतात. त्यास स्वभावदोष समजून वाद घालीत बसणे घातक होय. वितळलेल्या लोखंडाजवळ तर ते प्राणावर बेतेल. रोगी शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. अशा रोग्याने आहार बदलण्यापूर्वीच औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांस विचारले पाहिजे.

आता उपाय. तो आपल्याकडे फार प्राचीन काळी सांगितला गेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेले अहितकर खाणे सोडण्याचा क्रम दिला आहे. जुन्याचा चतुर्थांश सोडावा, त्या जागी हितकर अन्नाचा चतुर्थांश घ्यावा, आणि मध्ये दिवस जाऊ देऊन पुढचा भाग बदलावा. क्रमाने गेलेले दोष परतत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण ढळत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे. कॅफीनच्या बाबतीत आजचे डॉक्टरही हळूहळू कमी करण्याचाच सल्ला देतात.

आपल्या फौंड्रीतील गृहस्थाने हा क्रम असा लावावा. पहिल्या आठवड्यात चहाचे पेले सहाचे चार, आणि साखर दोन चमच्यांची दीड. भाकरी तूर्त दोनच राहू द्याव्या. जावयाचा तो वडा जावा, आणि त्याच्या जागी मूठभर शेंगदाणे अथवा फुटाणे यावेत. मटकीची सवय पोटास होईपर्यंत ती थोडीच घ्यावी, नाहीतर वाताने पोट फुगून चिडचिडीत भरच पडावयाची. पाळीच्या प्रारंभी काही खाल्ल्यावाचून यंत्रास हात लावू नये. सुटीत सोबत्यांबरोबर अवश्य बसावे. पेल्यात ताक असले तरी गप्पा त्याच राहतात.

आणि घरच्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे, की या दिवसांतील तिखट शब्द बहुधा तुम्हांस उद्देशून नसतो. त्या वेळी उत्तर न देता आधी विचारावे, ‘शेवटचे खाणे केव्हा झाले?’ पंधरवडा उलटूनही खिन्नता हटली नाही, झोप उडाली किंवा जगण्यातला रस गेला, तर मात्र तो दोष ताटाचा न समजता डॉक्टरांकडे जावे.