लिमा नगर : कागदपत्रांच्या अभ्यासकासाठीं स्थलदर्शन

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिमा हें पेरू देशाचें राजधानीचें शहर होय. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढें सुमारें पावणेदोनशें वर्षें त्या खंडांतील स्पेनच्या ताब्याचा बहुतेक मुलूख येथील व्हाइसरॉयच्या हुकमतींत होता. त्यामुळें एका देशाच्याच नव्हे, तर खंडाच्या मोठ्या भागाच्या कारभाराचे कागद या शहरांत सांचत गेले. प्रवाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांतून येथील ख्रिस्तमंदिरें, लांकडी सज्जे व वाडे यांचें वर्णन विपुल सांपडतें. प्रस्तुत लेखांत तींच स्थळें जुन्या कागदांच्या अभ्यासकाच्या दृष्टीनें दाखविण्याचें योजिलें आहे. येथें कोणते कागद राहिले, कोणते गेले, आणि जे राहिले ते कशामुळें, हा प्रश्न मनांत धरून हिंडणारास हें शहर फार बोधप्रद वाटेल.

आरंभ मुख्य चौकापासून करावा. फ्रान्सिस्को पिझारो यानें १८ जानेवारी १५३५ रोजीं रीमाक नदीच्या कांठीं, ताउलिचुस्को नांवाच्या स्थानिक नायकाच्या मुलुखांत, हें शहर वसविलें. स्पॅनिश लोकांनीं त्यास ‘राजांचें नगर’ असें नांव दिलें. पण तें मागें पडून रीमाक या नांवापासून झालेलें ‘लिमा’ हेंच रूढ झालें. जुन्या कागदांवर मात्र पहिलें नांव वारंवार येतें, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें. चौकाभोंवतीं राजवाडा, मुख्य ख्रिस्तमंदिर, आर्चबिशपचा वाडा व नगरसभा आहे. याच चौकांत २८ जुलै १८२१ रोजीं सान मार्तीन यानें स्वातंत्र्याची द्वाही फिरविली.

मुख्य मंदिरांत पिझारोचें थडगें आहे. त्याची कथा इतिहासाभ्यासकानें अवश्य ऐकण्यासारखी आहे. २६ जून १५४१ रोजीं विरुद्ध पक्षाच्या लोकांनीं त्याच्या वाड्यांत शिरून त्याचा खून केला. १८९१ पासून एक शुष्क प्रेत त्याचेंच म्हणून कांचेच्या पेटींत लोकांस दाखविलें जात असे. १९७७ सालीं तळघरांत काम चालूं असतां भिंतींतील एका कोनाड्यांत शिशाची पेटी सांपडली. तींत एक कवटी असून, हें मस्तक पिझारोचें आहे अशा अर्थाचा लेख पेटीवर कोरलेला होता. तेथेंच मिळालेल्या हाडांची तज्ज्ञांनीं तपासणी केली, तेव्हां शस्त्राच्या अनेक जखमांच्या खुणा आढळल्या. लेखास हाडांची साक्ष मिळाली आणि शंभर वर्षांच्या समजुतीस रजा मिळाली. दंतकथा, लेख व प्रत्यक्ष वस्तु यांचें परस्परांशीं तोलन कसें करावें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आज दिसणारें मुख्य मंदिर बव्हंशीं १७४६ नंतरचें आहे. त्या वर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं झालेल्या भूकंपांत लिमांतील सुमारें तीन हजार घरांपैकीं पंचवीसच उभीं राहिलीं असें सांगतात. काल्याओ बंदर तर समुद्राच्या लाटेनें धुवून नेलें. त्यानंतर वरचे मजले विटांचे न बांधतां वेत व माती यांच्या कुडाचे करण्यावर भर देण्यांत आला. कोंकणांत कारवीच्या कुडास माती लिंपून भिंती करितात, तोच हा प्रकार. दगडी भासणाऱ्या कित्येक कमानी आंतून लांकूड व कूड यांच्याच आहेत. लिमांत पाऊस जवळजवळ पडत नाहीं, म्हणून अशी बांधणी टिकते. हिवाळ्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबर या महिन्यांत, धुक्याची ओल मात्र सतत असते.

चौकापासून जवळच सान फ्रान्सिस्कोचा मठ आहे. पर्यटक तेथें मुख्यतः तळघरांतील अस्थि पाहण्यास जातात. अभ्यासकानें प्रथम वरच्या ग्रंथागारांत जावें. तेथें सुमारें पंचवीस हजार ग्रंथ असून गोल जिने, उंच मांडण्या आणि चामड्याच्या बांधणीचे ग्रंथ पाहून मन थक्क होतें. १९८८ सालीं या मठास, व १९९१ सालीं सर्व जुन्या शहरास, जागतिक वारशाचा मान मिळाला. सान्तो दोमिंगोचा मठही पहावा. १२ मे १५५१ च्या राजाज्ञेनें स्थापिलेल्या सान मार्कोस विद्यापीठाचा आरंभ तेथेंच झाला.

पुढें १७३५ सालच्या तोर्रे ताग्ले वाड्याचे कोरीव सज्जे पाहून समोरच्या बाजूस सान पेद्रोच्या मंदिराकडे यावें. हें जेझुइट पंथाचें मंदिर असून त्यास लागून त्यांचें विद्यालय होतें. जेझुइटांच्याच आश्रयानें आंतोनियो रिकार्दो या तूरिन येथील मुद्रकानें, मेक्सिकोंत कांहीं ग्रंथ छापून आल्यावर, १५८४ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पहिलें छापकाम केलें. त्यांतील एक कागद दिनगणनेंतून दहा दिवस गाळण्याच्या राजाज्ञेचा होता. इंग्रजांनीं हा फेरफार १७५२ पर्यंत केला नाहीं. मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांच्या मित्या पोर्तुगीज मित्यांशीं जुळवितांना हा फरक जंत्री पाहणारास ठाऊक असतोच. त्याच वर्षीं स्पॅनिश, केचुआ व आयमारा या तीन भाषांत धर्मप्रश्नोत्तरींचा ग्रंथ निघाला.

येथें गोव्याचें स्मरण होणें साहजिक आहे. गोव्यांत जेझुइटांचा छापखाना १५५६ सालींच सुरू झाला होता. दोन्हीं ठिकाणीं हेतु एकच, देशी भाषांतून धर्मप्रसार. आणि देशी भाषा रोमन अक्षरांत छापण्याची रीतिही सारखीच. थॉमस स्टीफन्सचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ राहिला तो हस्तलिखित नकलांमुळें. लिमाच्या १५८४ च्या ग्रंथाच्या प्रती मात्र सुदैवानें राहिल्या, आणि १५८४ ते १६१९ या काळांतील तेथील आद्य मुद्रित ग्रंथांची नोंद २०१३ सालीं जागतिक स्मृतिपटांत झाली.

त्याच पटांत त्याच वर्षीं नोंदलेला दुसरा संग्रह पेरूच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांतील आहे. पिझारोच्या लोकांबरोबर हिंडणाऱ्या लेखकांनीं १५३३ ते १५३८ या वर्षांत केलेल्या दस्तांचें हें पुस्तक होय. दप्तरखान्याचीं स्थलांतरें झालेलीं असल्यामुळें कोणते कागद कोठें पाहावयास मिळतील याची पत्रानें आगाऊ चौकशी करूनच निघावें. दुसरी सूचना लिपीविषयीं. त्या काळचे दस्त लिहिणारे कारकून लेखणी फारशी न उचलतां अक्षरें सांखळीसारखीं गुंफीत जात आणि शब्द तोडण्याची पर्वा करीत नसत. सर्व्हान्टीसनें आपल्या ‘दोन किहोते’ कादंबरींत या वळणाची थट्टा केली आहे. मोडी दप्तरें वाचलेल्या माणसास तें पाहून नवल वाटणार नाहीं. उलट, प्रथम एका लेखकाचें वळण हातीं बसवावें, नेहमींच्या मायन्याचे शब्द ओळखावे, आणि मग दुसऱ्या लेखकाकडे वळावें, ही मोडीच्या अभ्यासाची रीति तेथेंही उपयोगी पडते.

जवळच्या एका चौकांत इन्क्विझिशनच्या न्यायसभेची इमारत आहे. ही सभा १५७० सालीं लिमांत सुरू झाली; गोव्याची १५६० ची. १८१३ सालीं लोकांनीं लिमाची इमारत लुटली व बरेच कागद उधळले गेले. तरी या सभेचा इतिहास लिहितां आला, याचें कारण खटल्यांचे वृत्तांत नियमानें स्पेनला पाठविले जात. चिलीचे संशोधक होसे तोरिबियो मेदिना यांनीं त्या वृत्तांतांच्या आधारें १८८७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ दप्तर उधळलें. दूर पाठविलेली हकीकत कामीं आली.

सान पेद्रोस लागून असलेल्या जागेवर जुनें राष्ट्रीय ग्रंथालय आहे. सर्व शहरांत अंतःकरणास चटका लावणारें स्थळ हेंच. सान मार्तीननें २८ ऑगस्ट १८२१ रोजीं त्याच्या स्थापनेची आज्ञा दिली. १८८१ च्या जानेवारींत चिलीच्या सैन्यानें लिमा घेतली. ग्रंथालयांत शिपायांची छावणी पडली आणि ग्रंथ चिलीस गेले, विकले गेले, वा वाटेस लागले. १८८३ सालीं प्रसिद्ध लेखक रिकार्दो पाल्मा यांजकडे ग्रंथालय सोंपविलें, तेव्हां पन्नास हजारांहून अधिक ग्रंथांपैकीं त्यांस ७३८ सांपडले. त्यांनीं देशोदेशींच्या विद्वानांस व राज्यकर्त्यांस पत्रें लिहून ग्रंथ मागितले, आणि ‘भिक्षेकरी ग्रंथपाल’ हें नांव भूषणासारखें मिरविलें. १८८४ च्या जुलैंत ग्रंथालय पुन्हां उघडलें तेव्हां तेथें सुमारें २८,००० ग्रंथ होते.

पण दैवास तेंही पाहवलें नाहीं. १० मे १९४३ च्या पहाटे लागलेल्या आगींत सुमारें एक लक्ष ग्रंथ व चाळीस हजार हस्तलिखितें जळालीं. होर्खे बासाद्रे या इतिहासकारांनीं पुनरुभारणीचें काम अंगावर घेतलें. २००६ पासून मुख्य ग्रंथालय सान बोर्हा भागांतील नव्या वास्तूंत आहे. चिलीनें २००७ सालीं ३,७८८ ग्रंथ परत केले. युद्धांत गेलेला ग्रंथ शंभरांहून अधिक वर्षांनीं का होईना, परत येऊं शकतो. आगींत गेलेला येत नाहीं. ज्या हस्तलिखिताची नक्कल वा छापील प्रत कोठेंच नव्हती, तें १९४३ सालीं कायमचें गेलें.

ज्यांस एक दिवस अधिक काढतां येईल त्यांनीं पुएब्लो लिब्रे भागांतील पुराणवस्तुसंग्रहालयें पहावीं. तेथें इंका काळच्या ‘किपू’ म्हणजे गांठी मारलेल्या दोऱ्या आहेत. एका आडव्या दोरीस अनेक दोऱ्या लोंबत असून गांठींच्या स्थानावरून एकं, दहं, शतं ओळखावयाचे, हें लेलंड लॉक यांनीं १९१२ सालीं सप्रमाण दाखविलें. हिशेब अशा रीतीनें वाचतां येतो. पण सर्वच दोऱ्या हिशेबाच्या नाहींत असें मानतात, आणि त्यांतील मजकूर अद्याप उलगडलेला नाहीं. वाचणारांची परंपरा तुटली म्हणजे जपलेलें दप्तरही मुकें होतें. मोडी वाचणारे जेथें दिवसेंदिवस विरळ होत आहेत, तेथें या दोऱ्यांचा बोध वेगळा सांगावयास नको.

शेवटीं दोन ग्रंथांचा उल्लेख करून हें स्थलदर्शन पुरें करूं. वामान पोमा या देशी लेखकानें १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजासाठीं चारशेंच्या जवळपास चित्रांसह लिहिलेला प्रचंड ग्रंथ १९०८ सालीं कोपनहेगनच्या राजग्रंथालयांत आढळला. पेरूंत त्याचा मागमूस नव्हता. दुसरा ग्रंथ हुस्तो साहुआराउरा यांनीं १८३८ सालीं लिहिलेला इंकांचा इतिहास. हें हस्तलिखित चिलीच्या अमलाच्या वेळीं लिमांतून नाहींसें झालें, आणि २०१९ सालीं ब्राझीलमधील खाजगी संग्रहांतून राष्ट्रीय ग्रंथालयांत परत आलें. आतां त्याचीं छायाचित्रें कोणासही घरबसल्या पाहतां येतात.

संग्राहक हा रक्षकही होऊं शकतो व तुरुंगाधिकारीही, हें या दुसऱ्या ग्रंथावरून दिसतें. मधल्या काळांत तो ग्रंथ कोणीतरी जपला, म्हणून तो आहे. पण त्याची वार्ता कोणास नव्हती, म्हणून तितकी वर्षें तो असून नसल्यासारखा होता. लिमाच्या इतिहासाचें जें टिकलें त्यांतील बरेंच एकाहून अधिक ठिकाणीं असल्यामुळें टिकलें. आपल्याकडेही वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांतील पेट्यांत आणि खाजगी संग्रहांत रुमाल बांधलेले आहेत. ज्यांच्यापाशीं ते असतील त्यांनीं अस्सल आपल्याकडे खुशाल ठेवावें. परंतु त्याची यादी प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक बंदाचें छायाचित्र दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या हातीं द्यावें. लिमाच्या चाळीस हजार हस्तलिखितांस ही संधि मिळाली नाहीं. आपल्या दप्तरांस ती अजून आहे.