तीन ग्रॅम बेहदाना

मालेगावच्या अत्ताराच्या दुकानात मी बेहदाना मागितला आणि बरोबरच्या निफाडच्या मित्राने ऐकला बेदाणा. द्राक्षांच्या मुलखातला माणूस, त्याच्या कानाचा दोष नाही. दुकानदार हसले. "बेदाणा किराण्यात मिळेल, दादा. हा बेहदाना." त्यांनी बरणीतून तपकिरी, चपट्या, एकमेकांना चिकटलेल्या बियांचा एक खडा काढला, बोटांनी फोडला आणि सोनारासारख्या छोट्या काट्यावर टाकला. तीन ग्रॅम. धड चमचाभरही नाही.

ही बिही नावाच्या फळाची बी. सफरचंद आणि नासपती यांचं हे भावंड. कच्चं खाल्लं तर तुरट आणि लाकडासारखं टणक. काश्मिरात त्याला बमचूंठ म्हणतात आणि पंडितांच्या घरांत ते वांग्याबरोबर शिजवतात. फळ तिकडच्या पातेल्यात जातं आणि बी वाळून डोंगर उतरते. इराण-अफगाणिस्तानातूनही ती येते. पण अत्ताराच्या तोंडी आधी नाव येतं ते काश्मीरचं.

घरी आल्यावर त्या बिया स्टीलच्या पेल्यात पाण्यात टाकल्या. सब्जा भिजला की प्रत्येक दाणा आपापलं कवच घालून सुटा राहतो. इथे तसं होत नाही. अर्ध्या तासात सगळं पाणीच जड झालं, चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार. हकीम याला लुआब म्हणतात. कोरड्या खोकल्याने सोललेल्या घशावरून तो उतरतो तेव्हा त्याचं काम काय हे कोणी समजावून सांगायला लागत नाही. बिया मात्र ठेचायच्या नसतात. आतल्या गरात अमिग्डालिन असतं, ते फुटलं की सायनाइड सुटतं. म्हणून बी अख्खीच भिजवतात, अख्खीच उकळतात आणि गाळून टाकतात.

बेहदाना एकटा क्वचितच जातो. त्याचे दोन सोबती ठरलेले आहेत, उन्नाब आणि सपिस्तान. मार्च 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या सल्ल्यात युनानीच्या रकान्यात हेच त्रिकूट होतं: बेहदाना 3 ग्रॅम, उन्नाब 5 नग, सपिस्तान 9 नग, पाव लिटर पाण्यात निम्मं उरेपर्यंत उकळायचं. उन्नाब म्हणजे बोरच, पण आपल्या बोराचं थंड प्रदेशातलं नातलग. लाल, सुरकुतलेलं, गोडसर. आणि सपिस्तान? दुकानदारांनी तळहातावर ओतलेली ती काळपट, चुरमडलेली फळं मित्राने ओळखली. "अरे, ही तर भोकरं!"

भोकरंच होती. ज्यांचं लोणचं घालताना बी काढायला बोटांना मीठ लावावं लागतं, नाहीतर चिकट गर सुटत नाही, ती. फारसीत त्यांचं नाव सग-पिस्तान, म्हणजे कुत्रीचे सड. फांदीला लगडलेली पाहिली की नाव ठेवणाऱ्याची नजर पटते. एका पुडीत एक बी हिमालयातली, एक बोर थंड मुलखातलं आणि एक फळ नाशिकच्या बांधावरचं. दर मात्र तिघांचे तीन. उरलेला लेख खरं तर या दरांविषयी आहे.

मालेगावचं नाव मराठी वर्तमानपत्रात दोनच कारणांनी यायचं, यंत्रमाग आणि बंदोबस्त. मोसमकाठच्या या शहरात उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी माग बसवले, आणि आज शहरात मुसलमान बहुसंख्य आहेत. काश्मीरप्रमाणेच मालेगावही बाहेरच्यांना मथळ्यातूनच माहीत असतं. एप्रिल 2020 मध्ये तिथे करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि महिनाभरात शहर राज्यातल्या सर्वांत धास्तावलेल्या ठिकाणांत गेलं. दाट वस्ती, एका खोलीत आठ माणसं, त्यात रमजान. मग आकडे उतरू लागले, लोक 'मालेगाव पॅटर्न' म्हणू लागले आणि त्याबरोबर एक काढा गाजला. शहराबाहेरच्या मन्सुरा भागातल्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजचा, म्हणून 'मन्सुरा काढा'. नाशिक-मुंबईहून लोक त्याची पाकिटं मागवू लागले. ज्यांनी एरवी मालेगावातून गाडी न थांबवता नेली असती, तेही.

काढ्याने साथ घालवली, असं इथे लिहायचं नाही. शहराने काढा प्यायला आणि आकडे उतरले, या गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. एकीमुळे दुसरी घडली हे सांगायला वेगळी, काटेकोर चाचणी लागते. पण एक गोष्ट नक्की झाली. पिढ्यान्‌पिढ्या अत्ताराच्या बरणीत निमूट बसलेली विद्या चार दिवस सगळ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात आली.

ही विद्या आपल्याकडे परकी कधीच नव्हती. युनानी म्हणजे ग्रीक. हिपोक्रॅटिस आणि गॅलेनचं ज्ञान अरबीत गेलं, इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये त्याची घडी बसली, आणि हिंदुस्थानात आल्यावर त्यात इथली झाडं शिरली. आयुर्वेद आणि युनानी यांना एका छपराखाली आणलं हकीम अजमल खान यांनी. त्यांच्या दिल्लीतल्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन 1921 साली गांधीजींनी केलं, आणि त्याच वर्षी अहमदाबादला काँग्रेसचं अध्यक्षपदही हकीमसाहेबांकडेच होतं. वैद्यकी आणि राजकारण त्यांच्या लेखी दोन खाती नव्हती. इंग्रज सरकार डॉक्टरांची नोंदणी करून वैद्य-हकिमांना अडगळीत टाकू पाहत होतं, तेव्हा दोघांनी एकत्र उभं राहावं म्हणून त्यांनी जन्म घालवला. सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी सर्पगंधेतून वेगळं काढलेलं एक द्रव्य आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं, अजमलिन. पुढे फाळणी झाली आणि काढ्यांचीही वाटणी झाली. 'हमदर्द' दवाखान्याच्या दोन भावांपैकी हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले, हकीम मोहम्मद सईद 1948 मध्ये कराचीला गेले. सरबत एकच, देश दोन.

मन्सुऱ्यातून शिकून बाहेर पडणाऱ्या हकिमाच्या पदवीवर मात्र शिक्का नाशिकचा असतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशकात आहे; एमबीबीएस, बीएएमएस आणि बीयूएमएस, तिघांची परीक्षा तेच घेतं. म्हणजे काश्मीरच्या डोंगरातली बी, मालेगावातलं कॉलेज आणि नाशिकचा शिक्का, अशी ही साखळी आहे. हकिमाला सनद मिळते, कारखान्याला परवाना मिळतो, दुकानदाराकडे काटा असतो. साखळीच्या वरच्या टोकाला, डोंगरात वाकून फूल खुडणारी जी बाई आहे, तिच्याकडे काय असतं?

बनफशाचं उदाहरण घेऊ. जांभळी, बोटाच्या पेराएवढी फुलं. बर्फ वितळलं की काश्मिरात झाडांच्या सावलीत उगवतात. बाया-मुलं ती खुडतात, सावलीत वाळवतात. वाळल्यावर इतकी हलकी होतात की किलोभर जमवायला किती वेळा वाकावं लागत असेल, हे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. सर्दीला तिकडे बनफशाचा कहवा, आपल्याकडे हकिमाचं शरबत-ए-बनफशा.

यापेक्षा मोठी गोष्ट कूठ या मुळाची. मराठी घरात हा कोष्ठ किंवा उपलेट म्हणून ओळखीचा. धुपात पडतो, लेपात पडतो. अथर्ववेदात त्याची स्तुती आहे आणि तिथेही तो हिमवंतावरच जन्मतो. इस्लामी परंपरेत हाच 'कुस्त' हदीसमध्ये औषध म्हणून येतो. वेद आणि हदीस दोन्हीकडे मान असलेलं मूळ दुसरं कोणतं, ते मला आठवत नाही. पण मानाने मुळाचं रक्षण झालं नाही. डोगरा राजवटीने कूठ ही सरकारी मक्तेदारी केली आणि 1921 मध्ये त्यासाठी खास कायदाच केला. मूळ खणणारा गुराखी त्या दिवसापासून चोर ठरू शकत होता. राज्याने विकलेलं तेच मूळ उदबत्तीसाठी चीनला जात होतं. पुढे रानातला कूठ इतका संपला की 1985 मध्ये तो आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या, साइट्स कराराच्या, पहिल्या परिशिष्टात गेला. आज व्यापारात चालतो तो लागवडीचा, मुख्यत्वे लाहौलमधला.

काश्मीरच्या डोंगरात 1947 नंतर एक रेघ आली. बनफशा आणि कूठ रेघेच्या दोन्ही बाजूंना उगवतात, पण विकायला जाणाऱ्याला ती ओलांडता येईना. 2008 च्या ऑक्टोबरात उरी-मुझफ्फराबाद आणि पूंछ-रावळकोट या रस्त्यांवर ट्रक सुरू झाले. 21 वस्तूंची यादी होती, तीत औषधी वनस्पती होत्या. व्यवहारात पैसा नव्हताच. मालाला माल, आपल्या बलुत्यासारखा. कोणाचं चलन, हा प्रश्न त्यामुळे टळला. पण शस्त्रं आणि अमली पदार्थ त्याच वाटेने येतात असं सांगून भारत सरकारने एप्रिल 2019 मध्ये हा व्यापार थांबवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 370 वं कलम गेलं, काश्मीरचे फोन बंद झाले, आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये अटारीची सीमाचौकीही मिटली. डोंगरातल्या बंदीची बातमी अत्ताराला टीव्हीवरून नंतर कळते. आधी बरणी सांगते.

काश्मीरच्या राजकारणावर आपल्याकडे दोन ठोकळेबाज भाषणं तयार असतात आणि दोन्हींत जमीन कोणाची एवढाच प्रश्न असतो. जमिनीवर उगवलेलं कोणाचं, हा प्रश्न भाषणात बसत नाही. 2006 चा वनहक्क कायदा रानात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर हक्क देतो, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद हे शब्द आहेत. पण कायद्याच्या पहिल्याच कलमात अपवाद होता: जम्मू-काश्मीर वगळून. दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वरच्या कुरणांत जाणारे गुज्जर आणि बकरवाल यांच्या पारड्यात हा कायदा पडला तो थेट 31 ऑक्टोबर 2019 ला, राज्याचा दर्जा गेला त्या दिवशी. एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने दिलं, ते एकाच तारखेला. स्वायत्ततेच्या काळात स्वतःचा तसा कायदा करायला श्रीनगरलाही कोणी अडवलं नव्हतं. रानातल्या माणसाला विसरण्याच्या बाबतीत दोन्ही राजधान्यांचं एकमत होतं.

नाशिककरांनी यावर मान हलवून हळहळण्याआधी आपला मार्च 2018 आठवावा. त्या महिन्यात सहा तारखेला नाशकातून मुंबईकडे निघालेल्या मोर्च्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीची हजारो माणसं होती. बारा तारखेला ती आझाद मैदानावर होती, आणि टाचांना भेगा पडलेल्या त्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांच्या मागण्यांत वरच्या क्रमांकाला होता तोच वनहक्क कायदा. इथे अपवादाचं कलम नव्हतं. कायदा दहा वर्षं लागू होता, फक्त कागद हातात पडत नव्हता. हक्क अडवायला डोंगर वादग्रस्त असावाच लागतो असं नाही.

कागदावर आणखी एक आश्वासन आहे. 2002 चा जैवविविधता कायदा म्हणतो की वनस्पती आणि तिच्याबद्दलचं ज्ञान वापरून जो नफा कमावतो, त्याने लाभाचा न्याय्य वाटा स्थानिकांना द्यावा. देशी औषध कंपन्यांनाही हा वाटा चुकत नाही, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिला. 2023 च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथात नोंदलेलं पारंपरिक ज्ञान, आयुषचे नोंदणीकृत व्यावसायिक आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना त्यातून मोकळं केलं. वैद्य-हकिमांच्या मागे कागदांचा ससेमिरा नको, हे म्हणणं रास्तच. पण ज्ञान ग्रंथात आलं की त्याचं देणं फिटलं, असाही एक अर्थ त्यातून निघतो. बेहदान्याचा लुआब कसा काढायचा हे ग्रंथात आहे. बनफशा कोणत्या ओढ्याकाठी आधी फुलतो, ते नाही.

मालेगावच्या त्या पुडीचा मी हिशेब मांडून बघितला. सगळ्यांत महाग बेहदाना, मग उन्नाब, सगळ्यांत स्वस्त भोकरं. लांबून येणारं महाग, एवढंच वाटलं. पण लांबून येणाऱ्या प्रत्येक रुपयात टप्पे असतात, श्रीनगरचा आडत्या, दिल्लीचा खारी बावली बाजार, ट्रकचं भाडं, वाटेत रामबनला दरड कोसळली तर वाट पाहण्याचा खर्च. टप्प्यागणिक काटा असतो, आणि काटा ज्याच्या हातात, दर त्याचा. खुडणारीच्या हातात तो कधीच नसतो.

एप्रिलमध्ये नाशकात तोच मित्र बरोबर होता. रस्त्याच्या कडेला पेठकडची एक मावशी गोणपाटावर हिरवी भोकरं मांडून बसली होती. काटा नव्हता. ओंजळीएवढे ढीग होते, प्रत्येकाला आपण वाटा म्हणतो. मालेगावात काट्यावर तीन ग्रॅमसाठी निमूटपणे पैसे मोजणारा माझा मित्र खाली वाकला आणि सवयीने म्हणाला, "वाटा कसा दिला, मावशी?"

ती म्हणाली, वीस. त्याने पंधरा दिले, आणि वर मूठभर मागून घेतली.