‘मदरबोर्ड गेलाय’ हे मान्य करण्याआधी

मे महिन्याच्या दुपारी भाईंदर पूर्वेच्या एखाद्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात डोकावून बघा. काउंटरखालच्या लाकडी कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट, पंख्याची घरघर, स्क्रीनवर गरगरणारं चक्र. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, ‘जरा थांबा, सर्व्हर स्लो आहे.’ बऱ्याचदा बिचाऱ्या सर्व्हरचा काही दोष नसतो. मग एके दिवशी कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, दुरुस्तीवाला येतो आणि निकाल देतो: प्रोसेसर गेला, नाहीतर मदरबोर्ड गेला, त्यापेक्षा नवीनच घ्या.

यात पहिला घोळ असा की, तापणं आणि रखडणं हा एकच आजार समजला जातो. कधी तो एक असतो, पण पुष्कळदा नसतो. चालू केल्या केल्या कॉम्प्युटर रखडत असेल आणि अर्ध्या तासाने बरा चालत असेल, तर संशय हार्ड डिस्कवर घ्यावा. उलट सुरुवातीला नीट चालून वीस-पंचवीस मिनिटांनी तो मंदावत असेल, तर कारण उष्णता असण्याची शक्यता जास्त. एवढं निरीक्षण फुकटात होतं आणि निम्मं निदान त्यातच होतं.

‘प्रोसेसर म्हातारा झाला म्हणून स्लो झाला.’ प्रोसेसर वयानुसार हळूहळू मंदावत नाही. तो तापला की स्वतःहून वेग कमी करतो, कारण जळण्यापेक्षा रखडणं परवडतं. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ती ९५ आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचा चालू वेग पाहा. काम भरपूर आहे, वापर शंभर टक्के दिसतोय, पण वेग मूळ आकड्याच्या खूप खाली, तर तापमान तपासायलाच हवं. टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं.

आकडा बघून घाबरायचंही कारण नाही. थंड देशातल्या कुणाच्या व्हिडिओत रिकामा प्रोसेसर २८ अंशांवर दिसतो, म्हणून आपलाही तसाच दिसावा हा हट्ट चुकीचा. पंख्यावर थंड होणारी वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि मीरा रोडच्या मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असते. काम नसताना ४५-५० आणि जोरात काम चालू असताना ८० च्या घरात, हे आपल्या हवेत ठीक आहे. नव्वदी ओलांडून तिथेच ठाण मांडलं तर मात्र कॅबिनेट उघडायची वेळ आली.

‘बाजूची पत्र्याची प्लेट काढून टेबल फॅन लावला की झालं.’ तपासणी म्हणून ही युक्ती उत्तम आहे. प्लेट काढल्यावर तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही एवढं पक्कं. काही फरक पडला नाही, तर दोष प्रोसेसरवरच्या हीटसिंकचा. पण कायमचा उपाय म्हणून कॅबिनेट उघडं ठेवणं मीरा-भाईंदरमध्ये तरी परवडत नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. खारी दमट हवा इथे बारा महिने आहे. धूळ ओलसर होऊन चिकटते आणि रॅमच्या, केबलच्या धातूच्या टोकांवर गंज धरतो. शिवाय झुरळं आणि पाली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. शेजारच्या गाळ्यात बफिंग-पॉलिश चालत असेल तर तिथली धूळ साधी नसते. तिच्यात धातूचे कण असतात आणि ते वीज वाहून नेतात. अशा ठिकाणी उघडा मदरबोर्ड म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण.

‘आम्ही दर रविवारी पुसतो.’ बाहेरून! खरी घाण लपलेली असते ती प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही छान. क्लिप सोडवून तो उचलला की खाली राखाडी लोकरीचा एक थरच्या थर सापडतो, बोटाने अख्खा सोलून निघणारा. पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा पात्यांपर्यंत पोचणार कुठून?

साफसफाईची रीत अशी. कॉम्प्युटर बंद करून वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट गॅलरीत न्या आणि मऊ ब्रश, ब्लोअर वापरा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भरमसाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पावसाळ्याच्या दमट हवेत हा धोका कमी असतो, पण विषाची परीक्षा कशाला? पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहू शकते.

‘थर्मल पेस्ट जास्त लावली की जास्त थंड.’ पेस्टचं काम प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातल्या बारीक फटी भरणं एवढंच. वाटाण्याएवढी पुरते. टूथपेस्ट लावणारेही आहेत. ती काही दिवसांत वाळते आणि पुन्हा पहिले पाढे. एएमडीचा एएम४ सॉकेटवाला कॉम्प्युटर असेल तर जपून. त्यात पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी मशीन थोडं चालवून गरम करा, मग बंद करून हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरची तऱ्हा वेगळी. त्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एखादी नीट बसलेली नसते, हीटसिंक तिरका राहतो आणि नवी पेस्टही वाया जाते. चारही खुंट्या मदरबोर्डच्या मागून दिसताहेत ना, ते बघा.

‘जास्त पंखे, जास्त थंडावा.’ दिशा चुकली तर उलटंच होतं. हवा पुढून आत यावी आणि मागून बाहेर जावी. पंख्याच्या ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणारे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आणि कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायचा असेल तर पंखे कितीही लावा, तीच गरम हवा आत घुमत राहणार. खोलीत एसी असला तरी कप्प्यात तो पोचत नाही.

‘फॉरमॅट मारला की नव्यासारखा.’ फॉरमॅटने धूळ जात नाही आणि मरायला टेकलेली डिस्कही बरी होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये फारसं काम नसताना डिस्क शंभर टक्के दिसत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत पाहा. तिथे ‘कॉशन’ आलं तर फॉरमॅट राहू द्या, आधी डेटाचा बॅकअप घ्या. टॅलीचा सगळा हिशेब त्यातच असतो! डिस्क निरोगी असूनही रखडत असेल, तर तो जुन्या फिरत्या डिस्कचा स्वभावच. तिच्या जागी एसएसडी टाकणं हा मात्र पैसे वसूल करणारा खर्च आहे. रॅमचं तसंच: वापर सतत नव्वद टक्क्यांवर असेल तरच वाढवा. निम्मी रॅम रिकामी असताना आणखी घालून काही साधत नाही.

डेस्कटॉपवर पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ मारण्याबद्दल एवढंच, की त्याने चित्रं नव्याने काढली जातात, वेग वाढत नाही.

काहीच काम चालू नसताना प्रोसेसर ऐंशी टक्के वापरला जात असेल, तर एखादं घुसखोर सॉफ्टवेअर चोरून कुणासाठी तरी क्रिप्टो मायनिंग करत असण्याची शक्यता आहे. विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवून बघा. पण बरेच दिवस बंद असलेला कॉम्प्युटर चालू केल्यावर विंडोज अपडेटही असाच धिंगाणा घालतं. त्याला तासभर द्या.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ‘आता ते स्लो होणारच’ असंही दुकानात सांगतात. सुरक्षेच्या अपडेटचा प्रश्न खरा आहे, त्याचा निर्णय घ्यावाच लागेल. पण त्या तारखेने कुणाचाही प्रोसेसर तापलेला नाही.

हे सगळं करूनही तापमान उतरलं नाही किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याशी फुगलेले दिसले, तर पार्ट बदलण्यावाचून इलाज नाही. फक्त बदलण्याआधी दुरुस्तीवाल्याला तापमानाचा आकडा आणि डिस्कची तब्येत स्क्रीनवर दाखवायला सांगा. बिल घ्या आणि काढलेला जुना पार्ट न विसरता परत मागा.